दोन्ही किल्ल्या देवापुढे

धाकू घाडी बोलायला लागला की समोरच्याने दोन पावलं मागे सरकायचं, हे भांडुपच्या त्याच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. एक तर आवाज असा, की हा भांडुपला कुजबुजला तर कांजूरला कळावं. आणि दुसरं म्हणजे हात. तोंडाने 'दूध आण' म्हणेपर्यंत हातांनी किटली धरून, दूध घेऊन, परत येऊनसुद्धा झालेलं असायचं. नवा माणूस दचकायचा. जुनी माणसं त्याला सांगायची, घाबरू नका हो, साचेखात्यातला आहे.

साचेखातं म्हणजे गिरणीतलं विणकामाचं खातं. एका छपराखाली चारशे साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायला लागले, की तिथे तोंडाचा उपयोग तंबाखू खाण्यापुरता. धाकू एकोणिसाव्या वर्षी देवगडहून आला आणि त्या धडधडाटात उभा राहिला तो वीस वर्षं. तिथे सगळं बोलणं हातांनी. कुणाचं लक्ष वेधायचं तर डोक्यावरची टोपी काढून तीनदा हलवायची. धागा तुटला म्हणायचं तर दोन बोटं जुळवून फटकन वेगळी करायची. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, येतोय हे सांगायला मिशीवरून बोट फिरवायचं, मग त्या जॉबरला मिशी असो वा नसो. साचा बंद कर म्हणायचं तर मूठ आवळून आपल्याकडे ओढायची. जेवलास का, गावाहून पत्र आलं का, बायको रुसली का, सगळं असंच. वीस वर्षांत कान अर्धे गेले आणि हात वाचाळ झाले. त्याची बायको सुगंधा म्हणायची, ह्यांना झोपेतसुद्धा गप्प बसवत नाही, रात्रभर माझ्या तोंडासमोर मुठी नाचतात.

मग ब्याऐंशीचा संप आला. त्याचं पुराण इथे नको, ज्यांनी भोगलं त्यांना ते पाठ आहे. धाकूने मात्र एक केलं. गिरणीतून आणलेला लाकडी धोटा, ज्यातून आडवा धागा धावतो तो, त्याने फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर मागे टाकला आणि सुगंधाला बजावलं, आजपासून ह्या घरात गिरणीचं नाव काढायचं नाही. वीस वर्षं पाण्यात गेली, विषय संपला. शेजारच्या खोलीतला लवू टॅक्सी चालवायचा. त्याने महिनाभर आपली सकाळ मोडून, आरे कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यांवर नेऊन धाकूला गाडी शिकवली, आणि लायसन हातात पडलं तेव्हा पेढे स्वतःच आणले. धाकू उपकार विसरणारा माणूस नव्हता. पुढे कितीही वर्षं लवूच्या पोरांचा गणपतीचा मखर धाकूच करायचा.

नोकरी मिळाली मुलुंडला, मधुकररावांकडे. मधुकररावांचा लग्नपत्रिकांचा छापखाना, आणि त्यांची एक जुनी फियाट, जिला अख्खी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणते ती. गोल पाठीची, चेपक्या नाकाची, आणि चालताना खरोखरच घुरघुरणारी. मधुकरराव घाटावरचे, बोलायला कमी. ड्रायव्हरचा अनुभव किती असं त्यांनी विचारलं तेव्हा धाकूने खरं ते सांगितलं, की दोन महिने. समोर रांगेत दहा-दहा वर्षं गाडी हाकलेले तिघे बसले होते. मधुकररावांनी ह्यालाच ठेवलं. का, ते विचारायचं धाडस धाकूला झालं नाही, पण रोज सकाळी गाडी पुसताना तो मनातल्या मनात त्यांना हात जोडायचा.

फक्त पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. पवईच्या चढावर धाकू त्यांना गावच्या जत्रेची हकिकत सांगत होता, आणि पालखी कशी नाचवतात हे दाखवायला त्याने दोन्ही हात वर केले. गाडी सरळ खड्ड्याकडे. मधुकररावांनी पुढे वाकून स्टिअरिंग धरलं, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाले, "धाकू, तू बोल हवं तेवढं. पण ह्या गाडीत तुझे हात हलता कामा नयेत." धाकूने कान पकडले. तेव्हापासून तो गाडीत बसला की हात स्टिअरिंगला शिवल्यासारखे.

आता सोनूबाई. सोनूबाई म्हणजे मधुकररावांची आई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळी, नऊवारी चापूनचोपून. पण डोक्यातलं सगळं विसकटलेलं. ऐकू फारसं येत नव्हतं, की आलेलं कळत नव्हतं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. माणसं ओळखता येत नव्हती. सुनेला, अनुपमाबाईंना, त्या पाळणाघरातली बाई समजायच्या. धाकूला जॉबर म्हणायच्या. साध्या विणकऱ्याला घरबसल्या बढती मिळाली म्हणून लवू त्याची टिंगल करायचा. आणि पोटच्या मुलाला त्या समजायच्या टाइमकीपर. मधुकरराव संध्याकाळी घरात शिरले की म्हातारी खुर्चीतून धडपडत उठायची आणि हात जोडून म्हणायची, साहेब, उशीर झाला, आजचा खाडा मांडू नका. मधुकरराव 'बस आई, बस' म्हणायचे. ते तिला ऐकू जायचं नाही. मग ते आतल्या खोलीत निघून जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. दोन वर्षं हे रोज चाललं होतं.

म्हातारीने बावीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात, तशाच धडधडाटात, धाग्याच्या कांड्या भरल्या, नवरा गेल्यावर त्याच पगारावर मधुकरला शिकवलं, हे धाकूला अनुपमाबाईंकडून कळलं होतं. कळायची गरजही नव्हती म्हणा. मांडीवर ठेवलेली त्यांची बोटं दिवसभर न दिसणाऱ्या धाग्याची गाठ मारत असायची. ती गाठ धाकूने आरशात पहिल्याच दिवशी ओळखली. पण ओळख दाखवली नाही. एक तर गिरणीचं नाव काढायचं नाही ही स्वतःचीच शपथ, आणि दुसरं, हात स्टिअरिंगला शिवलेले.

म्हातारीला एकच गोष्ट शांत करायची, ती म्हणजे चालती गाडी. म्हणून छापखान्याचा कागद पोचवून झाला की अकरा ते एक धाकूने त्यांना मागच्या सीटवर बसवायचं आणि फिरवायचं. कधी भांडुपपर्यंत, कधी पवईवरून आरेच्या सावलीत. एकदा पेट्रोल भरताना त्याने दार उघडं टाकलं तर बाई उतरून चालू पडल्या, पाळी सुरू व्हायची वेळ झाली म्हणत. चेकनाक्यापाशी सापडल्या. त्या दिवसापासून घरचा कायदा ठरला. गाडी थांबली की चारही दारांच्या आतल्या मुठी पुढे ढकलायच्या. मूठ पुढे ढकलून दार आपटलं की बाहेरून फक्त किल्लीनेच उघडायचं, आणि मूठ मागे ओढायची असते हे म्हातारीला उमगत नव्हतं. काचाही वर, कारण त्या हाताला लागेल ते रस्त्यावर भिरकावायच्या. चपला गेल्या, चष्मा गेला, एकदा लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा पवईच्या तळ्याकाठी गेला. मुठी पुढे, काचा वर. धाकूच्या हाताला हे इतकं बसलं की डोक्याला विचारावंच लागत नसे.

पंच्याऐंशी सालची खांडेनवमी आली. सुगंधा आदल्या दिवसापासून मागे लागली, की ज्या गाडीचं अन्न खातो ती गाडी पुजायला आपल्या दारात आली पाहिजे. धाकूने भीत भीत मधुकररावांना विचारलं. ते म्हणाले, जरूर ने, आईला पण ने, तिलाही बरं वाटेल. आणि जाता जाता किल्ल्यांचा अख्खा जुडगाच त्याच्या हातात दिला, रोजची एक आणि कपाटातली जादाची एक. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याची आई आणि दोन्ही किल्ल्या, असा भरवसा धाकूवर आजवर कुणी टाकला नव्हता.

बारा वाजता गाडी चाळीच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. ऑक्टोबरचं ऊन असं, की टपावर पापड भाजावा. सोनूबाई मागे बसलेल्या, हिरवं लुगडं, गाठी मारणं चालू. सुगंधाने झेंडूचं तोरण बांधलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तबक पुढे केलं. खांडेनवमीला हत्यारं पुजायची. विणकऱ्याने धोटा ठेवायचा, सुताराने पटाशी, ड्रायव्हरने किल्ली. आणि एकदा देवापुढे ठेवलेलं हत्यार आरती झाल्याशिवाय उचलायचं नाही, हा नेम. गिरणीत ह्या नेमापायी साचे तासन्‌तास थांबलेले धाकूने पाहिले होते.

धाकूने डॅशबोर्डवर तबक मांडलं. पान्हा ठेवला, स्क्रूड्रायव्हर ठेवला, लायसन ठेवलं. सुगंधाने त्याला न विचारता फळीवरचा धोटाही आणून ठेवला. त्याने डोळे वटारले, तिने दुर्लक्ष केलं. मग त्याने एक किल्ली ठेवली.

सुगंधा म्हणाली, दुसरी? तो म्हणाला, एक पुरे की. ती म्हणाली, अर्धी हत्यारं पुजायची नसतात, वर्षभर काम अर्धवट राहतं. धाकूने दुसरीही ठेवली. दोन्ही किल्ल्यांवर हळदकुंकू पडलं. नारळ फोडायला म्हणून तो खाली उतरला, आणि उतरताना, मागे म्हातारी बसलेली आहे ना, हाताने आपलं रोजचं काम केलं. चारही मुठी पुढे, काचा वर, आणि दार आपटलं. पुढच्या चाकापाशी नारळ फुटला, सगळ्यांनी 'बोला पुंडलिक वरदे' केलं, आरती झाली. धाकूने किल्लीसाठी खिशात हात घातला.

तो हात खिशातच राहिला. सुगंधाने त्याचं तोंड पाहिलं आणि हळूच विचारलं, "चावी खंय आसा?"

धाकूने काचेतून डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. दोन्ही किल्ल्या झेंडूच्या फुलाखाली छान जोडीने पडल्या होत्या.

चाळ म्हणजे काय, अशा वेळी अंगात येतंच. कुणी म्हणालं तिकोनी काचेतून हात घाला. ती तिकोनी काच मधुकररावांनी चोराच्या भीतीने स्क्रू मारून कायमची बंद केलेली. लवू सायकलची तार घेऊन आला आणि रबराच्या फटीतून आत सारायला लागला. तार मुठीपर्यंत जायची आणि वाकायची. अशी चार वेळा वाकली. एकाने मुलुंडला फोन करा म्हटलं. करून काय उपयोग, दोन्ही किल्ल्या इथेच. पोरं मागच्या काचेवर थापा मारून 'आजी, दार उघडा' ओरडायला लागली.

आणि इथे सगळं बिघडलं. काचेला चिकटलेली ती तोंडं आणि त्या थापा बघून सोनूबाई घाबरल्या. इकडच्या काचेवर थाप पडली की त्या सरपटत तिकडे, तिकडे पडली की इकडे. मग सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून त्यांनी पदर तोंडावर ओढला. पदर घामाने भिजलेला लांबूनही दिसत होता. छाती भात्यासारखी हलत होती. पंधरा मिनिटं झाली होती. धाकूने टपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

काच फोडायची, दुसरं काय. सुगंधाने घरातून वरवंटा आणला होता. पण म्हातारी कुठल्या काचेला कधी चिकटेल त्याचा भरवसा नाही, आणि डॉक्टरांनी हृदयाला धक्का लागू देऊ नका म्हणून बजावलेलं. फोडली तरी भीती, न फोडली तरी भीती. नोकरी जाईल हे धाकूच्या मनात आलं ते क्षणभरच. मग मनात आलं की ज्या बाईने धाग्याच्या गाठी मारून एक पोर वाढवलं, ती माझ्या गाफीलपणाने एका डब्यात गुदमरून जाणार, आणि संध्याकाळी मधुकरराव विचारतील, धाकू, आई कुठे आहे. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आत सोनूबाईंचा एक हात पदराबाहेर होता. घामेजलेला. आणि त्याची दोन बोटं अजूनही गाठ मारत होती.

धाकूने ते पाहिलं आणि तो वळला. लवूच्या हातातली तार त्याने काढून घेतली, पोरांना बखोट्याला धरून मागे नेलं आणि आपला तो प्रसिद्ध आवाज लावला, "सगळे भिंतीपर्यंत मागे. कुणी काचेला हात लावायचा नाही."

सुगंधा वरवंटा घेऊन पुढच्या काचेपाशी उभी राहिली. तिला नवऱ्याचा चेहरा कळत होता, पण म्हातारीचा श्वासही दिसत होता. ती म्हणाली, "दोन मिनिटां. तिसऱ्याक मी थांबूचंय नाय."

धाकू मागच्या काचेपासून चार हात लांब उभा राहिला, सोनूबाईंच्या नजरेसमोर. पूजेसाठी घातलेली पांढरी टोपी काढली आणि डोक्यावर धरून तीनदा हलवली. काही नाही. पुन्हा तीनदा. पदर जरा सरकला. एक डोळा दिसला. तिसऱ्यांदा टोपी हलली तेव्हा म्हातारी सावरून बसली. तिच्या तोंडावरची भीती गेली नव्हती, पण तिच्यावर आणखी काहीतरी आलं होतं. कामावर असलेल्या बाईचं लक्ष.

धाकूने दोन बोटं जुळवली आणि फटकन वेगळी केली. धागा तुटला.

सोनूबाईंनी मान डोलावली. इकडेतिकडे बघितलं. मग आपल्या छातीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या. माझा?

दोन वर्षांत ह्या बाईने कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, आणि आज ती उलट विचारत होती. धाकूने मूठ आवळली, हवेत पुढे धरली आणि आपल्याकडे ओढली. बंद कर. मग दाराच्या मुठीकडे बोट दाखवलं. पुन्हा मूठ ओढली.

सोनूबाईंनी त्या मुठीकडे पाहिलं. हात पुढे केला. आणि मागे घेतला. दोन्ही तळवे धाकूला दाखवून त्यांनी जोरजोरात मान हलवली. माझं नाही.

बाहेर कुणालाच काही कळलं नाही, पण धाकूला पुरतं कळलं. गिरणीचा पहिला नियम, दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. हात लावला आणि काही मोडलं तर पगारातून कापून जातं, आणि वर जॉबरची बोलणी. मरायला टेकली तरी बाई नियम मोडायला तयार नव्हती. सुगंधाने वरवंटा वर उचलला. धाकूने तिच्याकडे न बघता तळहात दाखवला, थांब.

नियम मोडायची परवानगी गिरणीत एकच माणूस देऊ शकतो. धाकूने टोपी डोक्यावर नीट बसवली, पाठ ताठ केली आणि वरच्या ओठावरून, जिथे मिशी नव्हती तिथून, सावकाश बोट फिरवलं. मी जॉबर. मग त्याने सोनूबाईंकडे बोट केलं, मुठीकडे केलं, आणि आपल्या छातीवर हात ठेवला. मशीन तुझी. जबाबदारी माझी.

सोनूबाईंनी त्याला निरखून पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, कामाला लागण्यापूर्वी बाई करते तसा, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि मागे ओढली.

खट्‌ असा आवाज झाला. अर्धबहिऱ्या धाकूलाही तो ऐकू आला. दार उघडलं, आतली कोंडलेली वाफ तोंडावर आली आणि धाकूने म्हातारीला अलगद दोन्ही हातांवर घेतलं. अंग तापलेलं, पण डोळे लख्ख उघडे. सुगंधाने वरवंटा खाली टाकला तो लवूच्या पायावर पडता पडता वाचला. तिने सोनूबाईंना सावलीत बसवून ओल्या फडक्याने पुसलं, पाण्यात साखर-मीठ घालून चमचा चमचा पाजलं. लवू कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो, आता चांगली आहे, उन्हात मात्र नेऊ नका. धाकू तिथेच फरशीवर बसला आणि त्याने सोनूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीने त्याची पाठ थोपटली आणि धागा जोडल्याची खूण केली. काम झालं रे, एवढं काय त्यात.

ऊन उतरल्यावर त्याने त्यांना मुलुंडला नेलं. सुगंधा म्हणाली होती, बाई सुखरूप आहे, आता साहेबांना सांगून कशाला नसतं ओढवून घ्या. धाकू म्हणाला, ज्याने दोन्ही किल्ल्या दिल्या त्याच्याशी लपवाछपवी करून मला झोप येणार नाही. मधुकरराव घरी आले तेव्हा तो दाराशी उभाच होता. त्याने कुंकू लागलेल्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वरवंटा वगळला नाही, डॉक्टर काय म्हणाले तेही वगळलं नाही. सांगताना हात आपोआप चालत होते. शेवटी तो म्हणाला, तुमची गाडी आणि तुमची आई, दोन्ही नीट पोचवली, आता तुम्ही द्याल ती शिक्षा.

अनुपमाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. तेवढ्यात नेहमीप्रमाणे सोनूबाई खुर्चीतून धडपडत उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, साहेब, उशीर झाला, आजचा खाडा मांडू नका.

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकूकडे. "तिने तुला उत्तर दिलं?"

"दिलं, साहेब. वर प्रश्नही विचारला."

"जेवलीस का, हे कसं म्हणायचं?"

धाकूने दाखवलं. एका मुठीवर दुसरी मूठ ठेवायची आणि डब्याचं झाकण उघडावं तशी वरची फिरवायची. आणि त्याआधी टोपी हलवायची. मधुकररावांकडे टोपी कुठली, धाकूने आपली काढून दिली. मग छापखान्याचा तो घुमा मालक, शर्टाच्या बाह्या सावरून, स्वतःच्या आईसमोर उभा राहिला आणि त्याने टोपी तीनदा हलवली. ज्याने वर्षापूर्वी गाडीत हात हलवू नकोस म्हणून दम दिला होता, त्याचेच हात आता हवेत होते. त्याने मुठीवर मूठ ठेवली आणि फिरवली.

सोनूबाईंचे जोडलेले हात सुटले. त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट बघितलं. मग छातीला हात लावून, राहू दे माझं, अशी मान हलवली. तळहात आडवा करून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला, एक लहान मूल उभं असावं तेवढ्या. आणि मुठीवर मूठ ठेवून झाकण फिरवलं. लेकराचं जेवण व्हायचंय अजून.

ह्याचा अर्थ धाकूला समजावून सांगावा लागला नाही. मधुकरराव तिथेच, आईच्या पायांपाशी फरशीवर बसले. डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही. अनुपमाबाईंना म्हणाले, "माझं ताट इथे आण."

ते जेवायला लागले. सोनूबाई खुर्चीवर बसून एकेक घास तोंडात जाताना बघत होत्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांची बोटं गाठ मारायची थांबली होती. धाकू उंबऱ्यात उभा होता. वीस वर्षं पाण्यात गेली म्हणून तीन वर्षं कुरकुरत आलेला हा माणूस आज त्या वीस वर्षांना, त्या कान खाणाऱ्या धडधडाटाला, धोटा न विचारता बाहेर काढणाऱ्या सुगंधाला मनोमन नमस्कार करत होता. दोन महिन्यांचा ड्रायव्हर साहेबांनी का ठेवला तेही त्याला आता कळलं. मुलाखतीच्या दिवशी हा हातवारे करत बोलत होता, आणि आतल्या खोलीच्या दारातून म्हातारी त्याच्या हातांकडे टक लावून बघत उभी होती, आणि साहेब तिच्याकडे बघत होते.

ताट संपलं. मधुकररावांनी टेबलावरची एक किल्ली उचलून आपल्या खिशात घातली आणि दुसरी धाकूच्या हातात ठेवली. म्हणाले, ह्यापुढे दोन्ही एका ठिकाणी नकोत, आणि उद्या अर्धा तास लवकर ये, मला पुढचं शिकायचं आहे.

सोनूबाईंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, समाधानाने पदर सारखा केला आणि मूठ आवळून आपल्याकडे ओढली. साचा बंद. आजची पाळी संपली.